बार्बेक्यू घ्या, पण पेटवणार कोण?

दिवाळीच्या आधी पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काकू, या वेळी एक रात्र शेतात कॅम्पिंग करू. दोन टेंट मी आणतो. फक्त बार्बेक्यू कोणता घेऊ ते तू सांग." पाठोपाठ मोबाइलवर तीन फोटो आले. सासूबाईंना दाखवले. चष्मा वर-खाली करत त्यांनी निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "शेगडीच तं हाये हे! पाय फुटलेली शेगडी. एवढ्यासाठी पुण्याहून फोन?"

मला हसू आलं, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मैत्रिणींनो, हल्ली सहलीला निघताना गाडीच्या डिकीत अशी एखादी शेगडी असतेच. पवना धरणाच्या काठी टेंटमध्ये राहायला जाणाऱ्यांचा बार्बेक्यू आता ठरलेला. आमच्याकडून चिखलदऱ्याला जाणारी तरुण मंडळीही बरोबर कोळशाची पिशवी नेतात. शेगडी घ्यायची तर चांगली घ्यावी, याबद्दल वाद नाही. पण दुकानात विचारतात तो "कितीला?" हा प्रश्न मला दुसरा वाटतो. पहिला प्रश्न वेगळाच आहे. ही पेटवणार कोण, आणि विझवणार कोण?

आमच्या इंझोरीत बाहेर रांधणं काही नवं नाही. देवाला रोडगे असले की शेतात किंवा देवळापाशी गोवऱ्या रचल्या जातात, निखाऱ्यात रोडगे जातात, राखेत वांगी भाजतात. पुरुष मंडळी हौसेनं निखाऱ्याजवळ बसतात, हेही खरं. पण कणीक मळायची कोणी? वरणाची डाळ, कांदे-मिरच्या, पत्रावळी, पाण्याच्या कळश्या, पोराचं स्वेटर हे सगळं आठवणीनं घ्यायचं कोणी? आणि घरी आल्यावर काळीकुट्ट भांडी घासायची कोणी? माझ्या लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात कितीतरी सहली केल्या, पण गरम वांगं पहिल्या पंगतीला माझ्या पानात पडल्याचं मला आठवत नाही. सहल म्हणजे आपल्यासाठी बहुतेक वेळा बिनओट्याचं स्वयंपाकघर.

खरं तर ही शेगडी सहलीसाठीच वाढली. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या मोटारींना तेव्हा बरंच लाकूड लागायचं. उरलेल्या तुकड्यांचं करायचं काय, म्हणून १९२०च्या दशकात त्यांनी त्यांचा कोळसा करून ठोकळे पाडले. पुढे १९३०च्या दशकात त्यांच्या मोटारींच्या दुकानांतून कोळसा आणि सोबत न्यायची छोटी शेगडी विकली जाऊ लागली. मोटार घ्या, फिरायला जा, तिथे भाजून खा! शिकागोत १९५२ साली जॉर्ज स्टीफन यांनी झाकणाची गोल शेगडी केली. पुतण्यानं पाठवलेल्या तीन फोटोंपैकी एक तिच्याच लहान बहिणीचा होता.

आता त्या तीन फोटोंकडे वळते. पहिली शेगडी पुस्तकासारखी मिटणारी. वजनाला हलकी, दिसायला गोड. पण तिचा पत्रा इतका पातळ, की दोनदा तापली की वाकणार. जाळीवर एका वेळी तीन-चार वांगी मावतील. दोघांच्या सहलीला ठीक, पण आम्ही माणसं अकरा! आणि ती जमिनीवर ठेवायची, म्हणजे वाकून वाकून कंबरेचं भरीत. दुसरी सुटकेससारखी. चौकोनी, लांब पायांची, वर झाकण आणि बाजूला हवेच्या झडपा. तिसरी ती गोल, झाकणाची. तिच्यात भाजणं छान होतं, पण आकार असा की टेंट, गाद्या आणि फराळाचे डबे भरल्यावर गाडीत तिला जागा नाही.

मी दुसरीवर बोट ठेवलं. कारण सांगते. झाकण आणि झडपा या शोभेच्या नाहीत. कोळसा हवेवर जगतो. झडप उघडली की निखारा फुलतो, मिटली की मंदावतो. वांग्याला, रताळ्याला मंद आच हवी, कणसाला जरा तेज. झाकण नसलेल्या शेगडीत हे हातात राहत नाही. मग कोणीतरी पुठ्ठ्यानं वारा घालत बसतं, आणि ते 'कोणीतरी' कोण असतं हे सांगायला नको. शिवाय काम झाल्यावर झाकण आणि झडपा बंद केल्या की निखारा हळूहळू मरतो. तळाला राख गोळा करायचा ट्रे वेगळा निघणारा हवा. तो नसेल तर राख सांडते आणि राखेबरोबर ठिणगीही. पाय लांब हवेत, पण आमच्या काळ्या मातीत ते रुततात. म्हणून चार पायांखाली चार फरशीचे तुकडे ठेवायचे.

जाळी स्टीलची घ्यावी. जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत जाळी स्वस्त मिळते, पण फार तापली की त्या मुलाम्याचा धूर होतो आणि तो अंगाला बरा नाही. काही जण गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून ड्रम अर्धा कापून शेगडी करून घेतात. जाड पत्र्याची अशी शेगडी विकतच्यापेक्षा जास्त टिकते. मात्र ड्रम कशाचा होता ते आधी विचारा. रंगाचा, ऑइलचा, फवारणीच्या औषधाचा ड्रम चुकूनही नको. धुतला म्हणून तो स्वच्छ होत नाही.

कोळसा पेटवायला रॉकेल-पेट्रोल ओतणारे महाभाग मी पाहिले आहेत. भडका उडतो, भुवया जळतात आणि वांग्याला रॉकेलचा वास येतो तो वेगळाच. त्यापेक्षा तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यावा. दोन्ही तोंडं उघडी करावीत आणि खालच्या कडेला चार बाजूंनी खिळ्यानं भोकं पाडावीत. तो शेगडीत उभा करायचा. तळाशी वर्तमानपत्राचे बोळे, वर कोळसा. खालून काडी लावली की वीस-पंचवीस मिनिटांत कोळशावर पांढुरकी राख चढते. मग चिमट्यानं डबा उचलला की निखारे शेगडीत पसरतात. राख चढेपर्यंत जाळीवर काही ठेवू नये. घाई केली तर बाहेरून काळं आणि आतून कच्चं.

एवढं पुतण्याला फोनवर सांगितलं. तो खूश. म्हणाला, "काकू, आणि रात्री थंडी वाजली तर शेगडी टेंटच्या तोंडाशी घेऊ ना!"

माझ्या छातीत धस्स झालं.

आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरातली कडाक्याची थंडी. सगळं कुटुंब शेतात मुक्कामाला. भरीत-भाकर झाली, शेकोटी झाली. पोरं टिनाच्या खोलीत झोपली आणि त्यांना ऊब मिळावी म्हणून मीच, होय मीच, विझत आलेली शेगडी आत नेऊन ठेवली. धूर नव्हता, जाळ नव्हता, नुसते लाल डोळे मिचकावणारे चार निखारे. वारा शिरू नये म्हणून जाऊबाईंनी दाराच्या फटीत पोतं कोंबलं. मध्यरात्री सासूबाई उठल्या. पोरांकडे डोकावल्या तर धाकटी कण्हत होती, मोठ्यानं अंथरुणातच उलटी केली होती, आणि जाऊबाईंना हाक मारली तर त्या उठेनात. सासूबाईंनी दार सताड उघडलं आणि एकेकाला ओढत बाहेर आणलं. आम्ही वांग्यांना दोष देत होतो, वांगी बाधली म्हणून. दवाखान्यात डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "खोलीत काय पेटवलं होतं?"

धूर नाही म्हणजे धोका नाही, ही माझी समजूत त्या रात्री गळून पडली. कोळसा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यानं डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेपटीहून अधिक घट्ट धरून ठेवतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणसाला वाटतं, झोप येते आहे. चुलीचा धूर निदान खोकायला लावून उठवतो. हा उठवत नाही, निजवतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या खोलीत असेच झोपेत गेले. त्यांत चार लहान मुलं होती. तिथे गॅसचा हीटर होता, पण मारणारा वायू हाच. म्हणून कोळशाची शेगडी खोलीत नाही, टेंटमध्ये नाही, गाडीत नाही. खिडकी किलकिली ठेवली तरी नाही. विझल्यासारखी वाटली तरी नाही. थंडीला गोधडी आहे की!

दुसरी भीती ठिणगीची. दिवाळीत आमच्याकडे सोयाबीनच्या गंज्या शेतात उभ्या असतात. वाळून कोळ झालेल्या. एक ठिणगी म्हणजे वर्षाची कमाई. शेगडी गंजीपासून, कडब्यापासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून मांडायची आणि शेजारी पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवायच्या. उन्हाळ्यात सागाच्या पाचोळ्यावर तर शेगडी नेऊच नये. राखीव जंगलात, अभयारण्यात धोका होईल अशी आग पेटवणं हा गुन्हा आहे. १९२७ चा वन कायदा आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा दोन्ही तेच सांगतात. आमच्या जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळविटं गवतावर जगतात. आपल्या कणसाच्या हौसेपायी त्यांचं गवत जाऊ नये.

आणि कोळशाबद्दलही थोडं. कोळसा म्हणजे शेवटी झाडच. जुन्या पद्धतीच्या भट्टीत किलोभर कोळशासाठी चार-पाच किलो, कधी त्याहून जास्त लाकूड जातं. याला पर्याय आपल्याच राज्यात निघाला. इरावती कर्वे यांचे चिरंजीव डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली पुण्यात 'आरती' ही संस्था काढली. शेतात नुसतं जाळलं जाणारं उसाचं पाचट बंद भट्टीत भाजून त्याचा कोळसा आणि त्याच्या कांड्या करण्याची रीत तिथे बसवली गेली. २००२ मध्ये त्या कामाला ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यांचा 'सराई' कुकर शंभरेक ग्रॅम कांड्यांवर चार-पाच माणसांचा वरण-भात-भाजी शिजवतो. सहलीला भाजायला शेगडी आणि वरण-भाताला असा कुकर, ही जोडी मला फार पटते. आमच्याकडे ऊस नाही, पण पऱ्हाट्यांचे ढीग दरवर्षी धुऱ्यावर जळतात. ते पाहिलं की मनात येतं, आमच्या बचत गटाच्या बायांनाही हे शिकता येईल.

बचत गटाचं नाव निघालं म्हणून मनातली सल सांगून टाकते. मी घरोघरी जाऊन बायांना सांगते, चुलीच्या धुरात बसू नका, छाती खराब होते. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, सिलिंडर घरात आलं. पण तो पुन्हा भरायला पैसे नसले की बाई परत चुलीपाशी. तिला फुंकणी सोडवत नाही आणि आपण हौसेनं विकत घेतो! परवा एक बाई मला म्हणाली, "ताई, तुमची ते मज्जा, आमचं ते रोजचं मरण." मी काय उत्तर देणार? हौस करू नये असं मी म्हणत नाही. माणसानं वर्षातून एकदा उघड्यावर बसून गरम कणीस खावं. पण हौस ज्याची, धूर त्यानं खावा. निदान एवढा तरी न्याय असू द्या.

म्हणून पुतण्याला फोनवरच अटी घातल्या. शेगडी तू पेटवायची, तूच भाजायचं, तूच विझवायची आणि जाळी तूच घासायची. तो म्हणाला, "मंजूर!" पोरं फोनवर सगळंच मंजूर करतात. पण या पोरानं शब्द पाळला. वांगी एका बाजूनं जरा जास्तच करपली, कणसं मात्र झक्कास. मी आणि जाऊबाई बाजेवर पाय वर घेऊन बसलो होतो. पहिलं वांगं सोलून, तेल-मीठ लावून त्यानं माझ्या पानात वाढलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! हातानं उठायची सवय सुटेना. दोनदा मी उठले, दोनदा सासूबाईंनी पदर ओढून खाली बसवलं.

रात्री त्यानं झाकण लावलं, झडपा मिटल्या आणि शेगडी टेंटपासून लांब, उघड्यावर ठेवली. सकाळी राख टाकायला निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "थांब बाप्पा, काडीनं उकरून पाह्य आधी." त्यानं उकरलं. आत बोराएवढा एक निखारा अजून लाल होता.

त्यानं मुकाट्यानं पाण्याची बादली उचलली. मैत्रिणींनो, शेगडी कोणतीही घ्या. पण ही बादली उचलणारा हात आधी ठरवा.