दिब्रिटो कुठले?

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा काहींच्या डोळ्यांत सलला तो त्यांचा झगा. आडनावही फिरंगी, मग बोलायलाच नको. जानेवारी २०२० मधलं ते ९३वं संमेलन. विरोध त्यांच्या लेखनाला असता तर वाद घालता आला असता. त्यांच्या ज्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, त्याचं पान विरोधकांपैकी कितींनी उलटलं होतं?

या आडनावातलं ब्रितो हे मुळात उत्तर पोर्तुगालमधल्या एका गावाचं नाव. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळात बाप्तिस्मा घेणाऱ्या घराला बहुधा पाद्र्याचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव मिळे. त्यात रक्ताचं नातं शोधायला जाऊ नये. चिमाजी अप्पांनी वसई घेतली, फिरंगी गेले, आडनावं राहिली. माणसं तर इथलीच होती. सामवेदी बोली, केळीच्या वाड्या, बायकांची लाल लुगडी, यातलं काहीही लिस्बनहून आलेलं नाही.

लिस्बनहून आला तो दुसरा ब्रितो. जुआंव द ब्रितो, जन्म १६४७. हा जेझुइट मदुराईकडे आला, भगवी वस्त्रं ल्याला, मांसाहार सोडला. १६९३ मध्ये ओरियूरला त्याचा शिरच्छेद झाला. १९४७ मध्ये चर्चने त्याला संतपद दिलं. तमिळ लोक त्याला अरुळानंदर म्हणतात आणि ओरियूरची तांबडी माती भक्तिभावाने घरी नेतात. अस्सल पोर्तुगीज माणसाला तमिळ मुलखाने असं पोटाशी धरलं. आणि वसईजवळच्या नंदाखाल गावी १९४२ मध्ये जन्मलेल्या, आयुष्यभर मराठीत लिहिणाऱ्या माणसाने आपलं मराठीपण सिद्ध करायचं?

‘सुवार्ता’ हे मासिक दिब्रिटोंनी वर्षानुवर्षं संपादित केलं, ते केवळ चर्चपुरतं राहू दिलं नाही. वसईच्या वाड्या बिल्डरांच्या घशात जाऊ लागल्या, तेव्हा हरित वसईच्या लढ्यात ते दहशतीला न जुमानता रस्त्यावर उतरले. जुलै २०२४ मध्ये ते गेले. त्यांचं कौतुक करतानाही आपण ‘पहिले ख्रिस्ती संमेलनाध्यक्ष’ एवढंच म्हणून थांबतो. अनुवादक, संपादक, वसईच्या पाण्या-मातीसाठी झगडलेला लेखक, ही ओळख आधी सांगा.