गुरुजींना वर्गात राहू द्या!

शाळेचा निकाल खालावला की साऱ्यांचे बोट शिक्षकाकडे वळते. कामचुकार शिक्षक नाहीतच, असे कोणी म्हणणार नाही. परंतु शिक्षकाचे अध्यापन केवळ त्याच्या निष्ठेवर अवलंबून नसते. त्याला शिकविण्यास किती वेळ उरतो आणि गाव त्याच्या पाठीशी किती उभे राहते, यावरही ते ठरते.

पारनेरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातील एखादी वस्तीशाळा डोळ्यांसमोर आणावी. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. पहिली ते चौथीचे सारे वर्ग या दोघांत विभागायचे. एक जण बैठकीस गेला की अख्खी शाळा दुसऱ्याच्या गळ्यात. शिवाय पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती आहेच. जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे याच कायद्याचे कलम २७ सांगते. पण कागदांचे ओझे या कलमाने हटत नाही.

वेतनाचा प्रश्नही गौण नाही. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन कित्येक वर्षे दरमहा ६,००० रुपये होते. २०२३ मध्ये ते १६,००० झाले. घरखर्चाच्या विवंचनेत असलेल्या तरुणाकडून एकाग्रतेची अपेक्षा समाजाने कोणत्या तोंडाने करायची? मात्र केवळ पैशाने शाळा सुधारत नाही, हे पारनेर तालुक्यानेच दाखवून दिले आहे.

राळेगणसिद्धीत १९३२ साली एका खोलीची शाळा सुरू झाली. १९६२ मध्ये ग्रामस्थांनी श्रमदानातून खोल्या वाढविल्या. तरीही १९७१ मध्ये साक्षरता ३०.४३ टक्केच होती आणि प्राथमिक शिक्षणापुढे मुलींची वाट बंद होती. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गाव एकवटले. १९७९ मध्ये माध्यमिक शाळा उभी राहिली. पुढे इतरत्र नापास झालेल्या मुलांनाही येथे आवर्जून प्रवेश मिळाला. अशी मुले घडविणे एकट्या शिक्षकाचे काम नव्हे. त्यामागे गावाचे बळ लागते.

शासनाने कागदपत्रांचा भार हलका करावा. शिक्षकानेही शाळा सुटताच गावाकडे पाठ फिरवू नये. आणि ग्रामस्थांनी? आपल्या गावच्या शाळेत आपण शेवटचे केव्हा गेलो होतो, एवढा एकच प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. गुरुजींचा हिशेब मागण्याचा अधिकार त्या उत्तरातूनच मिळणार आहे.