वाघानंतर समुद्र

सुटीत माणसाने काहीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; पण सुटीचा बेत घरातल्या सर्वांनी मिळून करायचा, अशी आमच्याकडे पद्धत असल्यामुळे ते मत आजवर कोणी विचारात घेतलेले नाही. गेल्या नाताळात मुलांना वाघ हवा होता आणि सौभाग्यवतींना समुद्र. वाघ आमच्या जिल्ह्यातच आहे. समुद्र मात्र यवतमाळपासून कोणत्याही दिशेला पाचशे किलोमीटरच्या आत सापडत नाही. एवढे लांब जायचेच, तर बेटावरच का जाऊ नये, असा युक्तिवाद झाला आणि आधी टिपेश्वर, मग अंदमान असे ठरले. आईने एवढेच विचारले, "काहून बाप्पा, वाघ पाहाले पैसे लागतेत?"

टिपेश्वर हे पांढरकवड्याजवळचे, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य. टिपाई देवीवरून त्याला हे नाव पडले. पहाटेच्या थंडीत उघड्या जिप्सीत आम्ही चौघे इतके गप्प बसलो होतो, की घरात अशी शांतता एकदा तरी व्हावी, असे मनात आले. वानरांनी खाकरून इशारा दिला, चितळाने साद घातली आणि एक वाघीण रस्ता ओलांडून गेली. अंगणातून मांजर जावे तशी. आमच्याकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. याच अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ साली गळ्यात रेडिओपट्टा घेऊन निघाला, तो शेते आणि महामार्ग ओलांडीत सुमारे ३००० किलोमीटर फिरून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. शाळेपर्यंत चालायचे म्हटले की आमच्या धाकट्याचे पाय दुखतात, त्याला ही हकीकत मी मुद्दाम दोनदा सांगितली.

आई मात्र गाडीत बसली नाही. तिचे माहेर राळेगाव तालुक्यातले. राळेगाव-पांढरकवडा भागात २०१८ पर्यंतच्या दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका एका वाघिणीवर होता. वनखात्याच्या दप्तरी ती टी-१, शहरातल्या लोकांची 'अवनी'. मामांच्या वावरातला कापूस तेव्हा बोंडांतच लोंबत होता. वेचणीला बायका यायच्या त्या टोळीने, आणि एकीने कापसाला हात न लावता रानाकडे तोंड करून उभे राहायचे. आई त्या हंगामात माहेरी होती. वयामुळे वाकवत नसे, म्हणून हे उभे राहण्याचे काम तिच्याकडे आले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या रानात ती वाघीण गोळीला बळी पडली. दिवाळी पाच दिवसांवर होती. गावांत फटाके उडाले, शहरांत निषेध झाले. आमच्या घरात दोन्ही पक्ष होते. थोरली तेव्हा शाळेत. तिने वाघिणीच्या दोन बछड्यांसाठी रडून जेवण टाकले, आणि आजी-नातीत त्या दिवाळीत धड बोलणे झाले नाही. वाघाचा विषय निघाला की अजूनही दोघींपैकी एक उठून आत जाते.

अंदमानात पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. सेल्युलर जेलपुढे मराठी माणूस आपोआप हळू बोलू लागतो. सावरकर तिथे १९११ साली गेले. त्यांची समुद्राला उद्देशून असलेली प्रसिद्ध कविता इथलीच, असे आमच्या शेजारचे एक गृहस्थ घरच्यांना सांगत होते. ती १९०९ ची, इंग्लंडातल्या ब्राइटनच्या किनाऱ्यावरची. पण सुटीत मास्तरकी करू नये, म्हणून मी गप्प राहिलो. (सौभाग्यवतींनी डोळ्यांनी दटावले, हेही एक कारण.)

तिथून बोटीने स्वराज द्वीपला गेलो. हॅवलॉक हे त्याचे २०१८ पर्यंतचे नाव. राधानगरचा किनारा पाहून मला माझे मत अखेर मान्य झाल्यासारखे वाटले. पांढरी वाळू, निळे पाणी, आणि करायला काही नाही. पाण्यात मगरीपासून सावध राहण्याची सूचना आहे, तेवढी पाळायची. प्रवाळ उचलून आणायला कायद्याने बंदी, त्यामुळे धाकट्याचे खिसेही रिकामे. घड्याळ मात्र आपलेच असल्याने सूर्य पाचच्या सुमारास बुडतो. आमच्याकडे तो त्या दिवसांत पावणेसहापर्यंत रेंगाळतो.

किनाऱ्याला लागूनच उंच वृक्षांचे दाट रान आहे. आई वाळूत बसायची ती त्या रानाकडे तोंड करून, समुद्राला पाठ देऊन. इथे वाघ नाही, हे मी तिला नकाशा काढून सांगितले. तिने मान हलवली आणि तशीच बसून राहिली. तिसऱ्या दिवशी थोरली म्हणाली, "आजी, समुद्र मागे आहे."

"मले मालूम हाय. तुमी पाहा समुद्र. इकडे मी हाओ ना."

थोरली काही बोलली नाही. चौथ्या दिवशी साडेचारला ती पाण्यातून आली, ओल्या केसांनीच आजीच्या शेजारी रानाकडे तोंड करून बसली. "आजी, आता तू पाहा," ती म्हणाली, "मी आहे इकडे."

आईने तिच्याकडे पाहिले. मग हाताने वाळूवर टेका देत ती सावकाश वळली. सूर्य बुडायला अजून थोडा वेळ होता.