पॉइंटांचा हिशेब पैशात करा

आपल्यातील काही घरांची मुले दुबई, मस्कत, दोहाला कामाला आहेत. सुटीला ती विमानाने येतात. त्या प्रवासावर विमान कंपन्या 'माइल्स' नावाचे गुण देतात आणि पुरेसे साठले की त्यावर तिकीट मिळते. मात्र त्यासाठी आधी कंपनीच्या योजनेचे सभासद व्हावे लागते. त्याला पैसे पडत नाहीत. तिकीट एजंट काढत असेल तर सभासद क्रमांक टाकायला त्याला आठवणीने सांगावे. क्रमांक टाकायचा राहिला, तरी बोर्डिंग पास फेकू नये. ठरावीक मुदतीत तो दाखवून माइल्स मागता येतात. एमिरेट्सच्या योजनेत तर घरच्या माणसांचे माइल्स एकत्र करण्याचीही सोय आहे.

आता साठलेले माइल्स वापरायचे कसे? 'फुकट तिकीट' या शब्दाला भुलू नका. माइल्सच्या तिकिटावरही कर आणि इतर आकार रोख भरावे लागतात. समजा, तिकीट रोखीने 9,000 रुपयांना आहे. माइल्सवर घेतले तर 15,000 माइल्स आणि वर 3,000 रुपये लागतात. म्हणजे वाचले 6,000. त्याला 15,000 ने भागा, एका माइलचे 40 पैसे आले. तेवढ्याच माइल्सवर दुकानाचे 3,000 रुपयांचे कूपन मिळत असेल, तर माइलचे फक्त 20 पैसे होतात. प्रत्येक वेळी हा भागाकार करा आणि जिथे जास्त पैसे येतील तिथे वापरा.

पण फार काळ साठवूनही ठेवू नका. माइल्सना मुदत असते, शिवाय कंपनी दरही बदलते. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर 2012 मध्ये उडायची थांबली. ज्या कंपनीची विमानेच उडत नाहीत, तिच्या माइल्सवर तिकीट कोण देणार?

आता क्रेडिट कार्डाचे पॉइंट. आमची खरी काळजी इथे आहे. समजा, 10,000 रुपयांच्या खरेदीवर 100 पॉइंट मिळाले आणि पॉइंटचे 25 पैसे धरले, तर हाती आले 25 रुपये. तेच बिल वेळेवर भरले नाही आणि व्याज महिना साडेतीन टक्के असेल, तर 350 रुपये व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 63, असे 413 रुपये एका महिन्यात गेले. 'किमान रक्कम' भरली म्हणजे सुटलो, असेही समजू नका. उरलेल्या रकमेवर व्याज चढतच राहते. म्हणून पॉइंटासाठी खरेदी करू नये. जे घ्यायचेच आहे तेवढेच कार्डावर घ्यावे आणि पूर्ण बिल मुदतीत भरावे. हे जमणार नसेल तर कार्ड नको.

आणखी एक. 'तुमचे पॉइंट आज बाद होणार, लिंक दाबा' असा मोबाइलवर संदेश आला तर दाबू नका. ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

घरातील शिकलेल्या मुला-मुलींनी या रविवारी आई-वडिलांजवळ बसून एवढा हिशेब मांडावा, ही आमची विनंती. घामाचा पैसा आहे, तो पैशा-पैशाने मोजायला संकोच कसला?