त्यांच्या मय्यतीला आपण उभे राहायचे की नाही?

मोहरमला चंद्रपूरच्या तुरुंगाचे दार लोकांसाठी उघडते. आत गैबीशाह वलींचा दर्गा आहे; हिंदू, मुसलमान, आदिवासी, सगळ्यांची रीघ लागते. याच तुरुंगापाशी, पिंपळाच्या झाडाला, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांनी बाबुराव शेडमाके यांना फाशी दिली. दर वर्षी त्या तारखेला गोंड बांधव पिंपळाखाली जमतात. मीही जातो. ‘तुमचा काय संबंध?’ असे मला तिथे कोणी विचारलेले नाही.

ज्यूंचाही असा एक दिवस आहे, योम हाशोआ. एप्रिल-मेच्या सुमारास येतो. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंच्या आठवणीचा. इस्राएलमध्ये सकाळी दोन मिनिटे भोंगा वाजतो, रस्त्यातल्या गाड्या थांबतात, माणसे उतरून उभी राहतात. मेलेल्यांची नावे एकेक करून वाचली जातात. जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने इतकी वर्षे खपून ५० लाखांच्या आसपास नावे जमवली. कित्येकांचे नाव सांगायलाही घरात कोणी उरले नव्हते.

यंदा मित्रांत हा विषय काढला, तर पहिला सवाल आला, ‘आणि गाझा?’

सवाल खोटा नाही. गाझातल्या लेकरांसाठी माझेही डोळे भरले आहेत, आणि साठ लाखांची आठवण पुढे करून कोणी त्या बॉम्बचे समर्थन करू लागला तर मी ते ऐकून घेणार नाही. पण ट्रेब्लिंकात मारलेल्या म्हातारीने गाझाचे काय बिघडवले होते? इस्राएल जन्मायच्या आधीच ती गेली. तिच्यासाठी उभे राहताना आपण अट घालायची?

मोहम्मद हेल्मी हे बर्लिनमधले इजिप्शियन डॉक्टर. नाझींनी त्यांनाही अटक केली होती. तरी त्यांनी ॲना बोरोस या ज्यू मुलीला युद्ध संपेपर्यंत लपवून वाचवले. २०१३ मध्ये याद वाशेमने त्यांचा गौरव जाहीर केला. तो मिळालेले ते पहिले अरब. हेल्मी तेव्हा हयात नव्हते. सन्मान इस्राएलचा म्हणून नातेवाइकांनी नाकारला. त्यांची अडचण मला कळते. पुढे २०१७ मध्ये घरातल्याच एकाने तो बर्लिनमध्ये स्वीकारला.

मित्रांना हे सांगितले. एक जण उठून गेला. दोघे बसून राहिले, आणि त्यातल्या एकाने विचारले, ‘त्या पोरीचे पुढे काय झाले?’

अमेरिकेत गेली, म्हटले. लग्न केले, मुले झाली.