नाव ‘इंडिका’, माप कशाचे?

हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी व औद्योगिक कारणांसाठी भांगेच्या नियंत्रित लागवडीचा ठराव संमत केला आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने प्रायोगिक अभ्यासाचे काम पालमपूर व नौणी येथील विद्यापीठांकडे सोपविले. २०२४ व २०२५ या वर्षांत मुंबईच्या विमानतळावर मात्र थायलंडमार्गे आलेला, मातीविना बंदिस्त जागेत वाढविलेला गांजा वारंवार पकडला जात होता. पाश्चात्त्य बाजारात असा माल जातींच्या नावांनी विकला जातो, आणि त्या नावांत ‘इंडिका’ हे विशेष प्रतिष्ठेचे आहे. हिंदुस्थानावरून पडलेले हे नाव ग्राहकाला नेमके काय सांगते, हा प्रश्न म्हणूनच केवळ वनस्पतिशास्त्राचा राहत नाही.

या नावाचा इतिहास मोठा गमतीदार आहे. लिनियसने १७५३ साली युरोपातील भांगेला ‘सटिवा’ म्हटले. लामार्कने १७८५ साली हिंदुस्थानातून आलेल्या नमुन्यांवरून ‘इंडिका’ ही निराळी जाती कल्पिली. ते झाड अरुंद पानांचे होते. आज ‘इंडिका’ म्हणून जे लक्षण सांगितले जाते, म्हणजे ठेंगणे झुडूप, रुंद पाने, दाट बोंडे, विपुल राळ आणि लवकर येणारा फुलोरा, ते हिंदुकुश परिसरातील अफगाण झाडाचे. तेथील अल्प उन्हाळ्यात झाडाने ते कमावले. १९७० च्या दशकात शुल्टेस या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने अफगाणिस्तानातील झाडांना हे नाव लावले आणि ते त्यांनाच चिकटले. वादाला न्यायालयीन किनारही होती. अमेरिकेच्या कायद्यात बंदी ‘सटिवा’वर असल्याने पकडलेला माल ‘इंडिका’ही असू शकेल, असा बचाव आरोपींचे वकील करीत. तेथील संघीय न्यायालयांनी तो मानला नाही, हे ठीकच झाले.

पुढे संकरांचे पेव फुटले. आज ‘इंडिकाप्रधान’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वाणाची वंशावळ विक्रेत्यालाही क्वचितच ठाऊक असते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील संशोधकांच्या जनुकीय अभ्यासात सांगितलेली वंशावळ आणि प्रत्यक्ष जनुके यांचा मेळ जेमतेमच बसला. २०२१ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासाने दाखविले, की ही दोन नावे झाडाच्या एकूण घडणीविषयी फारसे सांगत नाहीत. मिरसीनसारख्या काही सुगंधी द्रव्यांशी तेवढा त्यांचा संबंध लागतो. ‘इंडिका सुस्ती आणते, सटिवा तरतरी आणते’ ही दुकानदारी थाटाची विभागणी त्यामुळे डळमळते. परिणाम ठरतो तो मुख्यतः टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल, म्हणजे संक्षेपाने टीएचसी, या मादक द्रव्याच्या प्रमाणावरून, मात्रेवरून आणि सोबतच्या कॅनॅबिडिऑलवरून. अमेरिकेत जप्त मालातील टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ मध्ये १२ टक्क्यांच्या आसपास गेले. आणि टीएचसी कॅनॅबिडिऑलच्या १४ पट होते ते ८० पट झाले. नाव तेच राहिले, वस्तू मात्र बदलली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात अकरलॉफचा १९७० सालचा सिद्धान्त आठवावा. मालाचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर चांगल्या मालाला योग्य किंमत येत नाही आणि फुसका माल बाजार व्यापतो. सर्वसाधारण बाजारात हमी, मानके, न्यायालय हे उपाय असतात. चोरट्या बाजारात यांतला एकही नाही. तेथे लेबल हेच दर्जाचे सोंग घेते. त्यात ‘इंडिका’ हे नाव आपल्याकडील तरुणाला परके वाटत नाही; होळीच्या भांगेचा सोज्वळपणा त्याला आयताच चिकटतो. वास्तविक पानांची भांग आणि राळेने थबथबलेली बोंडे यांच्यातील अंतर ताक आणि दारू यांच्यातील अंतराइतके नसले, तरी थोडके नाही.

आपला १९८५ चा अंमली पदार्थविषयक कायदा जातींच्या भानगडीत पडत नाही, हे त्याचे शहाणपण. त्याच्या व्याख्येत या वंशाचे कोणतेही झाड येते. भेद केला आहे तो झाडाच्या भागांत. फुलोरा म्हणजे गांजा, वेगळी केलेली राळ म्हणजे चरस. शेंड्यांविना असलेली पाने आणि बी वगळलेली. मात्र शिक्षेचे प्रमाण ठरविताना कायदा वजनाकडेच पाहतो. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प’, त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास. वीस किलोंहून अधिक ‘व्यापारी’, त्यासाठी किमान दहा वर्षे आणि जामीन अत्यंत दुर्घट. आता गणित पाहा. तीन टक्के टीएचसी असलेल्या २१ किलो गावठी गांजात ६३० ग्रॅम मादक द्रव्य असते. वीस टक्क्यांच्या ५ किलो मालात पुरे एक किलो. तरी दहा वर्षांची सक्ती पहिल्याच्याच माथी बसते, आणि तो पुष्कळदा डोंगराळ भागातला मजूर वा हमाल असतो.

हे भान ब्रिटिश अबकारी खात्याला होते, हे सांगताना थोडे अवघडल्यासारखे होते. बंगालमधील नवगावच्या शेतांत नरझाडे उपटणारे जाणकार असत आणि चपटा, गोल व चूर अशा प्रतींवर निरनिराळा कर बसे. त्यामागे महसुलाची हाव होती, लोकहित नव्हे. पण माल एकसारखा नसतो, एवढे त्या खात्याने ओळखले होते.

थायलंडने जून २०२२ मध्ये बंधने उठविली आणि २०२५ च्या जूनमध्ये विक्री वैद्यांच्या चिठ्ठीवर आणून ठेवली. आधी दुकाने, मग नियम, हा क्रम त्या देशाला महाग पडला. उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक लागवडीला परवाने देताना टीएचसीची ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली, म्हणजे लागवडीपुरते तरी मोजमाप आले. हिमाचलच्या प्रयोगातून उत्तर हवे आहे ते हेच, की स्थानिक बियाणे या मर्यादेत बसते का, नसल्यास नवे बियाणे कोण देणार, आणि पिकाची तपासणी करणारी प्रयोगशाळा शेतकऱ्याच्या आवाक्यात, म्हणजे अंतराने आणि खर्चाने, कुठे असणार. तपासणीत टक्केवारी चढली तर उभे पीक जाळावे लागेल आणि तो तोटा एकट्या शेतकऱ्याच्या खात्यावर पडू द्यायचा की कसे, हे नियमावली लिहिण्यापूर्वी ठरले पाहिजे.