कवचावरची भेग, खडकातली भेग

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवतजवळ कासुर्डी हे गाव लागते. दौंडचा हा पट्टा पर्जन्यछायेतला. इथल्या शेतकऱ्याने देवाकडे मागायचे ते पाणी, आणि ते कुठे आहे हे विचारायचे पाणाड्याला! पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून शेतभर फिरतो. नारळ जिथे उभा राहील तिथे पाणी. कुणी लिंबाची दुबेळकी काठी वापरतो, कुणी तांब्याची तार. जागा ठरली की बोअरची गाडी येते. पाणी लागले तर बागायत. नाही तर फुटाफुटाने वाढलेले कर्ज.

माझे एक मावसभाऊ याच गावचे. त्यांना मी विचारले, "दादा, पाणाड्याचे दहात किती खरे ठरते हो?"

"अरे, पाणी लागले की पेढे वाटतात. कोरड्या भोकाचे नाव कोण काढतो?"

हे उत्तर ऐकून मला चीनचा राजा वू-तिंग आठवला. सुमारे ३२०० वर्षांपूर्वीचा हा शांग घराण्यातला राजा. लढाई, पाऊस, पीक, दातदुखी, काहीही असो, तो पूर्वजांचा कौल घेई. कासवाच्या पोटाकडचे कवच किंवा बैलाच्या खांद्याचे हाड घ्यायचे, मागून खळगे कोरायचे आणि तिथे निखाऱ्यासारखे काही तापलेले टेकवायचे. तड् आवाज होऊन पुढच्या बाजूला भेग पडे. तिच्यावरून राजा शुभाशुभ सांगे. प्रश्न बहुधा दोन्ही बाजूंनी विचारीत: 'होईल' असाही आणि 'होणार नाही' असाही. कोकणात, गोव्यात देवाला पाकळ्या लावून उजवा-डावा कौल घेतात, त्याचीच ही दूरची भावंडे म्हणावीत. पुढे चीनमध्ये पन्नास काड्यांनी चौसष्ट आकृत्या मांडण्याची रीत रूढ झाली, ती निराळी.

ही हाडे शेतकऱ्यांच्या नांगराला लागत आणि औषध म्हणून कुटली जात. १८९९ च्या सुमारास त्यांच्यावरची अक्षरे विद्वानांनी ओळखली. १९२८ पासून आन्यांग येथे रीतसर उत्खनन झाले.

त्यातले एक कवच मला फार मोलाचे वाटते. राणी फू-हाव गरोदर होती. बाळंतपण शुभ होईल ना, असा प्रश्न. राजाने भेग पाहून सांगितले, अमुक दिवशी झाले तर शुभ, तमुक दिवशी झाले तर अधिकच शुभ. एकतिसाव्या दिवशी, त्या दोहोंत न बसणाऱ्या दिवशी, राणी बाळंत झाली. लेखनिकाने कोरले: शुभ झाले नाही, मुलगी झाली.

मुलगी म्हणजे अशुभ, हा विचार आपण तिथेच पुरून टाकू. गंमत अशी की, ही राणी स्वतः सैन्य घेऊन लढायला जात असे! पण राजाला हवे ते घडले नाही, हे त्याच्याच कवचावर लिहून ठेवण्याचे धाडस पाहा. सगळ्याच कवचांवर असा निकाल नाही. जिथे आहे तिथे मात्र प्रश्न, उत्तर आणि पडताळा असे तिन्ही एकत्र सापडतात.

आपल्याकडे पडताळाच नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त झाडे आणि वारुळे पाहून भूजल ओळखण्याच्या खुणा दिल्या. अनुभवी पाणाड्याची नजरही अशा खुणांवर असतेच. यश मिळते ते नजरेचे, नाव होते नारळाचे. आपल्या काळ्या कातळात पाणी साठते ते मुरमात आणि भेगांत. ती भेग वरून दिसत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ साली निघाली, तिचे लोक विहिरींच्या पातळ्या मोजतात आणि मांडून ठेवतात. त्यांचाही अंदाज चुकू शकतो. पण मांडलेली चूक पुढच्याला उपयोगी पडते.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी वही पुजतो. तिच्यात नफा लिहितो, तसा तोटाही. प्रत्येक गावाने यंदा अशीच एक वही घालावी: बोअर कुणाचे, जागा कुणी दाखवली, किती फूट गेले, पाणी किती लागले. आणि कोरड्या भोकांना त्या वहीत पहिले पान द्यावे.